थोरली, धाकटी आणि एक बाटली

३ फेब्रुवारी

मेहुण्याचं म्हणणं, प्रयोग करणारा माणूस टिपण ठेवतो. मी म्हटलं, मी प्रयोग करत नाही, गॅरेज चालवतो. तो म्हणाला, "दाजी, आजपासून दोन्ही." म्हणून ही वही. पहिल्याच पानावर ग्रीसचा अंगठा उमटलाय, तेव्हा ती माझीच आहे याबद्दल पुढे वाद नको.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. आजवर त्याने पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, पाठदुखीचे पट्टे विकले आणि पट्टे घेऊनही ज्यांची पाठ दुखायची थांबली नाही त्यांना गाद्या विकल्या. आता इंजिनाचं औषध आणलंय. बाटली खोकल्याच्या औषधाएवढी, आत दुधट पाणी. त्यात म्हणे चिनी मातीच्या जातीची पूड आहे, इतकी बारीक की एका केसाच्या जाडीत तिचे हजारो कण शेजारी शेजारी झोपतील. ती इंजिनाच्या ऑइलमध्ये ओतायची. ऑइलबरोबर फिरत फिरत ती जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथे पोचते, बारीक ओरखडे भरते आणि वर काचेसारखा थर धरते. घर्षण कमी, झीज कमी, आवाज कमी.

"म्हणजे कपबशा कुटून इंजिनात घालायच्या?" मी विचारलं. "आम्ही जन्मभर आत धूळ जाऊ नये म्हणून फिल्टर बदलायचे, आणि तू विकत आणून घालणार?"

"दाजी, साखरही दाणेदार, वाळूही दाणेदार. चहात कुठली घालता?"

पोरगा विकायला बरा आहे. गेल्या आठवड्यात दोन बाटल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत घालून पाहिल्या. दोन्ही गाड्या अशा गोड वाजायला लागल्या की मी स्वतः चक्कर मारायच्या निमित्ताने फिरवून आणल्या.

५ फेब्रुवारी

आज मॅडम आल्या. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅन चालवतात, डझनभर तरी असतील. पूर्वी शिक्षिका होत्या. अजून त्या आत आल्या की मी हातातला पाना नीट धरतो. त्यांच्या सगळ्या गाड्या त्या नव्या काचेच्या दारांच्या वर्कशॉपमध्ये जातात. तिथे गिऱ्हाइकाला सोफ्यावर बसवतात.

"एका गाडीत आवाज येतोय. तिथे दोनदा कॉम्प्युटर लावला."

"कॉम्प्युटर काय म्हणतो?"

"काही नाही म्हणतो."

"आणि गाडी काय म्हणते?"

मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. चार ठिकाणी ऐकलं. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. आमच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या उस्तादांनी उघडून दाखवलं. ड्रायव्हर लोक मला कानसेन म्हणतात ते उगीच नाही. शाळा मी अर्ध्यात सोडली, पण कान घेऊन निघालो.

आणि मग माझी जीभ सुटली. बाटलीचं सगळं पुराण सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि वर्गात प्रश्न टाकावा तसं म्हणाल्या, "सिद्ध करा."

असं ठरलं: त्यांच्या दोन व्हॅन जुळ्या आहेत, एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्या चाललेल्या. ड्रायव्हर त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात, कारण थोरली शोरूममधून दहा पावलं आधी बाहेर पडली. दोघींची सर्व्हिसिंग सारखी करायची. बाटली फक्त थोरलीत. मार्चअखेर निकाल. थोरली धाकटीपेक्षा उघड सरस निघाली तर सगळ्या गाड्या माझ्या गॅरेजला. नाही निघाली तर आहेत तिथे सोफ्यावर.

"आणि कानसेन, मला तुमचं मत नकोय. फरक हवाय."

एवढं काम आलं तर मला शेजारचा गाळा घ्यावा लागेल! संध्याकाळी हिला सांगितलं तर म्हणाली, "आधी आहे त्या गाळ्याचं शटर नीट करा."

८ फेब्रुवारी

मुहूर्त झाला. दोघींचं ऑइल बदललं, फिल्टर नवे टाकले, टॅपेट लावले, इंजेक्टर साफ केले. प्रयोग म्हणजे प्रामाणिक हवा. घाणेरड्या पोटात औषध ओतायचं मला पटतही नाही.

उस्ताद सकाळपासून तोंड फुगवून. उस्तादांनी मला पान्यांचे नंबर शिकवले. आज ते माझ्याकडे कामाला आहेत, म्हणून गिऱ्हाइकासमोर मला 'शेठ, तुम्ही' म्हणतात आणि गिऱ्हाईक वळलं की 'अरे'.

"धाकटीनं काय घोडं मारलंय?" ते म्हणाले.

"उस्ताद, तिला नाही द्यायचं हाच प्रयोग आहे."

"दोन बहिणी शेजारी उभ्या करायच्या, एकीच्या पेल्यात दूध आणि एकीच्या पेल्यात पाणी. असल्या प्रयोगाला आमच्यात पंक्तिभेद म्हणतात."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला, म्हणून ओतायचं काम उस्तादांवर सोपवून मी रस्त्यावर गेलो. परत आलो तर सगळं उरकलेलं. बाटली इतकी निथळलेली की मागाहून आलेला मेहुणा म्हणाला, याला म्हणतात काम. उस्तादांचा रागही गेला होता. शीळ घालत होते. धाकटीचं बॉनेट त्यांनी इतकं हळू लावलं, जसं झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावावं. माया आहे म्हाताऱ्याला.

१५ फेब्रुवारी

थोरली आली! काय सांगू. सुरू आहे की बंद, हे पाहायला मी हात लावला. जिथे आधी खरखर होती तिथे आता रेशीम सरकल्यासारखा नुसता सूर. मेहुण्याने माझ्या पाठीत धपका घातला, मी त्याच्या घातला, उस्तादांनी दोघांच्या घातला. ड्रायव्हर म्हणाला, "कानसेन, सिग्नलला दोनदा वाटलं बंद पडली." गॅरेजात चहा फिरला.

मग तासाभराने धाकटी आली.

मी स्क्रूड्रायव्हर टेकवला. मूठ कानाला लावली. काढली. दुसऱ्या कानाला लावली.

"ठीक आहे" म्हटलं आणि हात धुवायला गेलो. हात स्वच्छच होते.

१७ फेब्रुवारी

धाकटीही तशीच गोड वाजते. तोच सूर. तिच्या पोटात तर साधं ऑइल आहे. म्हणजे बिघाड माझ्यात.

आज घरी कानाची परीक्षा घेतली. घड्याळ कपड्यांत गुंडाळून कपाटात ठेवलं: ऐकू आलं. फ्रिजचा कॉम्प्रेसर शेजाऱ्यांचा कुठला आणि आमचा कुठला: ओळखला. मग बाहेर बसून राहिलो. आतल्या खोलीत ही स्वतःशीच पुटपुटली, "या माणसाला काहीतरी झालंय."

"ऐकू आलं!" मी आनंदाने ओरडलो.

ती बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

२४ फेब्रुवारी

कानाला बाजूला ठेवून गेज लावलं. सिलिंडरमध्ये दाब किती टिकतो ते बघायचं. थोरलीचा दाब आधीपेक्षा वाढलाय. शाबास. धाकटीचाही वाढलाय. तेवढाच. गेज बिघडलं म्हणून नवं आणलं. नवंही बिघडलेलं निघालं.

मेहुण्याला विश्वासात घेतलं. तो जरा घाबरला, पण विकणारा माणूस फार वेळ घाबरलेला राहू शकत नाही.

"दाजी, दोघी शेजारी उभ्या असतात ना रात्री? संगतीचा परिणाम असेल."

"अरे गाड्या आहेत त्या! पेटीतले आंबे आहेत का?"

"मग धाकटीचा ड्रायव्हर जपून चालवत असेल. ईर्षेनं."

हे मात्र पटण्यासारखं होतं. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "जपून? परवा मॅडमनी मला स्पीडवरून उभं-आडवं केलं."

४ मार्च

गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठी झाकणं घातली, सूर ऐकू आला की बटण दाबा म्हणाले. मी दाबत गेलो. शेवटी त्यांनी दार उघडून विचारलं, "आता कशाला दाबताय? मी केव्हाच थांबलोय."

"तुमच्या यंत्राच्या पंख्याचं बेअरिंग कुरकुरतंय. त्यासाठी दाबत होतो."

डॉक्टरांनी यंत्राला कान लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही. मग माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "काका, हे कान तुम्ही कुठे मिळवले?"

खुशीत बाहेर पडलो, जिना उतरेपर्यंत. खाली आल्यावर कळलं की हे तर वाईटच झालं. कान ठणठणीत, तरी धाकटी गोड लागते. म्हणजे कान नाही, मन खोटं बोलतंय. शेजारच्या गाळ्याची हाव सुटली आणि मला जे हवं तेच ऐकू यायला लागलं. बहिऱ्या मेकॅनिकला निदान कळतं तरी की आपल्याला ऐकू येत नाही.

पण मग धाकटी गोड वाजावी अशी हाव मला कशाला सुटेल? डोकं चालत नाही. वही मिटतो.

१२ मार्च

डिपस्टिक पाहिली. दोघींचं ऑइल सारखंच उतरलंय, म्हणजे जवळजवळ नाहीच. डिझेलचंही तेच. काय वाट्टेल ते मोजा, जुळ्या त्या जुळ्याच.

एक चांगली गोष्ट. उस्तादांना या वयात शास्त्राची गोडी लागली आहे. आज मेहुण्याला आपणहून विचारत होते, "का रे, एक बाटली दोन इंजिनांत वाटली तर गुण येतो का?"

"उस्ताद, ही बाटली ट्रकच्या इंजिनालाही पुरते," मेहुणा म्हणाला. "व्हॅनला अर्धी म्हणजे पोटभर."

"असं होय," उस्ताद म्हणाले आणि फार समाधानाने चहा प्यायले. माणसाने शिकत राहावं ते असं.

२८ मार्च

रात्र बरीच झालीय, पण आज लिहिलं नाही तर ही वही कशाला.

दुपारी गॅरेजात मी आणि उस्तादच होतो. मी म्हटलं, "उस्ताद, सोमवारी मॅडमना सांगून टाकतो. फरक नाही. बाटली फुकट आणि कानसेनही फुकट. इथून पुढे गाड्या ऐकायचं काम तुम्ही करायचं. मला आता स्वतःच्या कानाचा भरवसा वाटत नाही."

आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

उस्तादांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, छातीत कळ आली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, तो टायरवरून घरंगळला, त्यांनी परत उचलला.

"अरे, मी वाटून घातली."

"काय?"

"बाटली. अर्धी थोरलीला, अर्धी धाकटीला. बघवलं नाही मला. तू फोनवर होतास. मला वाटलं, दोघी खूश, मॅडम खूश, कुणाचं काय जातंय? तुझ्या कानाचं काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे."

मला रागवायचं होतं. खरंच होतं. तोंड उघडलं तर त्यातून हसू बाहेर आलं.

"म्हणजे धाकटी गोड वाजते?"

"वाजते की."

"मला भास होत नाही?"

"तुला कसला भास? मलासुद्धा वाजते, आणि मला तर डाव्या कानानं नीट ऐकूही येत नाही!"

मी उस्तादांना उचललं. हाडं मोजून घ्यावीत इतके हलके आहेत. ते ओरडत होते, "सोड, पाठ जाईल," आणि मी त्यांना गॅरेजभर फिरवत होतो. मेहुणा आत आला, काय चाललंय ते न विचारताच तोही नाचायला लागला. सांगितल्यावर मात्र मटकन टायरवर बसला.

"दाजी, म्हणजे फरक दिसणारच नव्हता. सोमवारी काय दाखवणार?"

तेव्हा माझ्याही ध्यानात आलं. कान परत मिळाले, गाड्या गेल्या.

३१ मार्च

मॅडमच्या आवारात गेलो. सगळ्या गाड्या ओळीने उभ्या, मुलांना सोडून परत आलेल्या. मी खरं ते सांगितलं, वाटून घातल्याचं. उस्ताद माझ्यामागे उभे, पट्टी खायला हात पुढे केल्यासारखे.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे औषध दोघींनाही दिलं आणि आता म्हणताय, दोघींना गुण आला. उद्या कुणालाच दिलं नाही म्हणाल, आणि तरी सगळ्यांना गुण आला म्हणाल. मी कशावर विश्वास ठेवू?"

बरोबरच होतं. मी मान खाली घातली. मेहुण्याला मात्र गप्प बसण्याची कला येत नाही.

"मॅडम, सगळ्या गाड्या एकेक करून सुरू करा. दाजी पाठमोरे उभे राहतील आणि बाटलीवाल्या दोन ओळखून दाखवतील!"

मी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर वितळला असता. पण ड्रायव्हर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मॅडमच्या डोळ्यांत परीक्षेच्या दिवसाची चमक आली. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शिवाय डोक्यावरून टॉवेल. "माझ्या वर्गात कॉपी चालत नाही." ओळही मोडली, गाड्यांच्या जागा बदलल्या. ओळखलं की हात वर करायचा.

पहिली: खरखर. दुसरी: पट्टा सैल. तिसरी सुरू झाली आणि माझा हात आपोआप वर गेला. रेशीम! मागे शिट्ट्या वाजल्या, मेहुणा "थोरली! थोरली!" ओरडला, मॅडमनी त्याला गप्प केलं. टॉवेलच्या आत मी लाडू मिळालेल्या पोरासारखा हसत होतो. आता धाकटी तेवढी राहिली. आणखी एक-दोन सुरू झाल्या, बंद झाल्या. मग एक.

वरून ती चांगली होती. नवं ऑइल, नवा फिल्टर, आवाजाला इस्त्री केलेली. ड्रायव्हरने रेस दिली आणि सोडली. सोडल्यावर, खाली, अगदी तळाशी: टक. टक. जिन्यावरून कुणी काठी टेकत उतरावं तसं.

"बंद कर," मी म्हटलं.

"ही आहे का बाटलीवाली?" मेहुणा.

"बंद कर म्हणतो ना!"

टॉवेल कुठे पडला माहीत नाही. मी धावत गेलो. ड्रायव्हर गोंधळला, "अहो, चार दिवसांपूर्वीच काचेच्या वर्कशॉपमधून आणलीय, मस्त चालतेय."

मी गाडीखाली सरपटलो, उस्ताद माझ्याआधीच खाली पोचले होते. ऑइल परातीत काढलं. मॅडमना बोलावून परात उन्हात धरली. काळ्या ऑइलमध्ये चांदीचा चुरा चमकत होता.

"हे काय आहे?"

"बेअरिंग आहे, मॅडम. म्हणजे होतं. आता ते ऑइलमध्ये आहे. आज नाही तर उद्या, भर रस्त्यात, मुलं बसलेली असताना इंजिन जागच्या जागी आवळलं असतं."

मॅडमनी परातीत बोट बुडवलं आणि अंगठ्यावर घासून पाहिलं.

"धाकटी ओळखायची राहिली तुमची," त्या हळू म्हणाल्या.

"धाकटी राहू द्या. शाळा सुटायच्या आत या गाडीच्या मुलांची दुसऱ्या गाड्यांत सोय लावा. तेवढं करा आधी."

त्या फोन करायला गेल्या. परीक्षा तशीच अर्धवट राहिली. घरी येताना मेहुणा म्हणाला, "दाजी, फक्त एक हात वर करायचा होता हो."

मी म्हटलं, "विसरलोच मी." खरंच विसरलो होतो.

५ एप्रिल

मॅडम स्वतः गॅरेजला आल्या. बसल्या नाहीत. उभ्यानेच निकाल वाचला.

"प्रयोग: नापास. बाटली: पुन्हा परीक्षेला बसवायची. कानसेन: पास. सगळ्या गाड्या सोमवारपासून तुमच्याकडे."

मी दारातल्या स्टुलावर बसलो. स्टुलावर पान्यांचा डबा होता, त्याच्यावरच बसलो.

अटी आहेत. दर सोमवारी सकाळी मुलांना घ्यायला निघण्याआधी प्रत्येक गाडी मी ऐकायची. मी हो म्हटल्याशिवाय ती फाटकाबाहेर जाणार नाही. बाटलीचा प्रयोग नव्याने: निम्म्या गाड्यांना द्यायची, निम्म्यांना नाही, सर्व्हिसिंग सगळ्यांची सारखी. बाटल्या मॅडमच्या कपाटात राहणार आणि ओतणार त्या स्वतः.

"आणि त्या वेळी उस्ताद कुठे असतील?" त्यांनी विचारलं.

"समोरच्या टपरीवर, चहा घेत," उस्ताद म्हणाले. "पण मॅडम, निम्म्या म्हणजे अगदी निम्म्याच का?"

घरी ही सगळं शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे सगळ्या गाड्यांचं ऑइल तुम्ही बदलणार, फिल्टर, टॅपेट, सगळं तुमच्या हातानं?"

"अर्थात."

"मग निकाल मी आत्ताच सांगते. सगळ्या गोड वाजतील."

मी तिला मिठीच मारली. इतके दिवस भावाच्या धंद्याला नाक मुरडत होती, शेवटी तिलाही बाटलीचं पटलं! मेहुण्याला लगेच फोन करून कळवलं. ती का हसत होती ते मात्र सांगत नाही.

७ एप्रिल

सकाळी आवारात पोचलो तेव्हा ड्रायव्हर अर्धे झोपेत, अर्धे चहात. गाड्या धुऊन ओळीने उभ्या. मुलांच्या सीटवर शनिवारचे कंपासपेटीतले तुकडे, एक मोजा, एक अर्धवट चघळलेली पेन्सिल. उस्ताद स्क्रूड्रायव्हर शर्टाला पुसत होते, लग्नाला निघाल्यासारखे.

"आज काय ऐकायचं आहे, कानसेन?" एका ड्रायव्हरने विचारलं. "बाटली की बिघाड?"

"जे असेल ते."

मॅडमनी टाळी वाजवली. "शांत!" मोठे मोठे बाप्ये तोंडावर बोट ठेवून उभे राहिले, एकाने तर हाताची घडीही घातली. रस्त्यावर नुसती एक सायकल गेली. तीही तेल मागत होती.

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "चला, एकेक."